सातवी सीट

आमच्या घराची वाटणी २०१४ ला झाली. वावर दोन भागांत, घर मधोमध भिंत घालून दोन भागांत, आणि विहीर काही फोडता येत नाही म्हणून पाण्याच्या पाळ्या. त्या पाळ्या ठरवायला चार बैठका, दोन मामा आणि एक माजी सरपंच लागले. रविवारचं पाणी कोणाचं, हे अजूनही ठरलेलं नाही. असे आम्ही दोघे भाऊ मागच्या महिन्यात एका चहात एकमतावर आलो. गाडी घ्यायची, मिळून घ्यायची आणि सात सीटर घ्यायची.

"मोजून पाय," दादा म्हणाला. "मी, तुही वहिनी, तू, सूनबाई, तुही दोन लेकरं. झाले सहा. आन् माय. सात!"

माय ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली, पुन्हा खाली घातली. दादाचा मुलगा पुण्यात असतो. तो मोजणीत नाही, पण सल्ल्यात आहे. तिथे बसून तो आम्हाला टॉर्क समजावतो.

खरं तर सात सीटर हा शब्द ऐकून आमच्या पिढीला हसू यायला हवं. चिखली-बुलढाणा रस्त्यावर काळी-पिवळीतून कॉलेज केलेल्या माणसाला सीट म्हणजे बसायची जागा असते, हे फार उशिरा कळतं. आमच्याकडे सीट म्हणजे माणूस. "चिखली, चिखली, दोन सीट, दोन सीट!" असं ओरडणाऱ्या पोऱ्याकडे दोन रिकाम्या जागा कधीच नसायच्या, त्याला दोन गिऱ्हाइकं हवी असायची. पुढे ड्रायव्हरच्या डावीकडे तिघं, उजवीकडे दाराशी एक, आणि ड्रायव्हर स्वतः अर्धा गाडीत, अर्धा तालुक्यात. गिअरचा दांडा कोणा तरी गुरुजींच्या गुडघ्यांमध्ये असायचा. "जरा पाय घ्या गुरुजी, तिसरा टाकायचाय." गुरुजी पाय घ्यायचे. मागे पंधरावा माणूस चढला की आतले चौदा म्हणायचे, आता निघा. त्या पंधरांत आमची अख्खी वाटणी बसली असती, मामा आणि माजी सरपंचासकट.

आता सात माणसांना सात सीटा, सात पट्टे आणि मोबाइल चार्ज करायला सात भोकं. तरी जागा पुरत नाही म्हणून वहिनी आणि आमची सौ. आतापासूनच मधल्या रांगेतली खिडकी धरून बसल्यात.

घरासाठी गाडी असं आम्ही म्हणतो खरं. पण आमच्या जिल्ह्यात सात सीटर गाडी कुटुंबाकडे आली ती पुढाऱ्यांकडून, उतरत उतरत. १९९४ ला टाटांची सुमो आली. एकेकाळी कंपनीचे प्रमुख असलेल्या सुमंत मुळगावकरांच्या नावाची पहिली अक्षरं जोडून ते नाव केलेलं, आम्ही मात्र जपानी पहिलवान समजून बसलो. २००० ला क्वालिस आणि बोलेरो, २००२ ला स्कॉर्पिओ, २००५ ला क्वालिस बंद होऊन इनोव्हा. गाड्या बदलल्या तशा पायऱ्या ठरत गेल्या. सरपंच बोलेरोत, झेडपी मेंबर स्कॉर्पिओत, ठेकेदार इनोव्हात. मेंबर पडला तरी स्कॉर्पिओ राहते, कारण तिचे हप्ते पुढच्या निवडणुकीपर्यंत असतात. या गाड्यांत एक सीट साहेबांची, एक ड्रायव्हरची आणि उरलेल्या पाच 'भाऊ, मी पण येतो' म्हणणाऱ्यांच्या. सात हा आकडा कुटुंब मोजून आलेला नाही, कार्यकर्ते मोजून आलेला आहे.

१ मे २०१७ ला सरकारने गाड्यांवरचे लाल दिवे उतरवले, तेव्हापासून दिव्याचं काम गाडीच्या उंचीवर आलं. त्यानंतर राहिला होता नंबर. ४१४१ घेऊन तो वळणदार रंगवला की 'दादा' वाचता यायचं. आता एचएसआरपी, म्हणजे एकाच साच्याची नंबरपाटी आली, २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाड्यांनाही तीच पाटी लावायची. सगळे दादा सरळ आकड्यांत आले. आमच्या दादाला याचं मनापासून वाईट वाटलं, गाडी नसतानाही.

रंग पांढराच, यावर घरात मतभेद नाहीत. "रिसेलला पांढरी बरी." अजून घेतली नाही, विकायचा भाव ठरलाय.

तर आधी नवी गाडी पाहायला गेलो. रस्त्यावर आणेपर्यंत वीस लाख, असा ढोबळ आकडा दादाने धरला होता. मी तो सोयाबीनमध्ये मांडला, कारण आमच्याकडे लाख ही कल्पना आहे आणि क्विंटल ही वस्तू. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. वीस लाखांना झाले ३७५ क्विंटल. दोघा भावांचं मिळून बारा एकर. एकरी आठ क्विंटल धरले (पाऊस, यलो मोझॅक आणि रानडुकरं यांच्या परवानगीने), तर वर्षाला ९६. म्हणजे चार वर्षं पेरायचं, सोंगायचं, मळायचं आणि कोणी काही खायचं नाही. तेही हमीभाव मिळाला तर. व्यापारी ओलावा दाखवून जो भाव देतो त्यात मागची रांग तर सोडाच, मागची काचसुद्धा बसत नाही.

"रोखीनं थोडीच घ्यायची हाय?" दादा म्हणाला. बरोबर. पंधरा लाख कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं. हप्ता येतो साडेचोवीस हजारांच्या घरात आणि नुसतं व्याज साडेपाच लाखांच्या वर जातं. सात सीटांना सात वर्षं. हप्ता दर महिन्याला, पीक वर्षाला दोनदा, आणि कर्जमाफी ट्रॅक्टरला नाही तर याला कुठून.

शोरूमवाल्या पोराने कराचा नवा हिशेब सांगितला, तो मात्र ऐकण्यासारखा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत लांबी आणि छोटं इंजिन असेल तर जीएसटी १८ टक्के, त्यापुढे ४० टक्के. बोलेरोची लांबी ३,९९५ मिलिमीटर आहे. चार मीटरला पाच मिलिमीटर कमी, म्हणजे सोयाबीनच्या एका दाण्याएवढं. त्या एका दाण्यासाठी सरकार २२ टक्के सोडतं! आयुष्यात सोयाबीनच्या दाण्याला एवढा भाव आलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पण चार मीटरच्या आत सात माणसं कोंबायची म्हटल्यावर कुठे तरी किंमत मोजावी लागतेच. बोलेरोत ती मागचे दोघं मोजतात, समोरासमोर, आडवे बसून, गुडघ्याला गुडघा लावून. अबोला असलेल्या नातेवाइकांना इथे बसवावं. पुढच्या गावापर्यंत बोलतात, नाही तर एकाला घाम फुटतो.

शोरूममध्ये माणूस काय करतो, हे एकदा बाजूला उभं राहून पाहण्यासारखं आहे. दादाने स्टिअरिंग धरलं. वहिनींनी आरशात पाहिलं. आमच्या सौ.नी कप ठेवायच्या जागा मोजल्या. लेकरांनी छताची काच उघडून मुंडकी वर काढली आणि ती दिवसभर वरच ठेवण्याचा विचार जाहीर केला. (छताची काच हे एक प्रकरणच आहे. बुलढाणा घाटावर, त्यातल्या त्यात थंड. पण मे महिन्यात घाट उतरून मलकापूरला पोचलात की ती काच म्हणजे डोक्यावर ठेवलेला तवा.) सगळं पाहून झालं. तिसऱ्या रांगेत मात्र कोणी बसून पाहिलं नाही. ज्या रांगेसाठी पाच लाख जास्त द्यायचे, तिच्याकडे सगळ्यांनी डिकी उघडून बाहेरून पाहिलं, जसं कुणी नव्या घरातलं देवघर पाहावं.

मी बसलो. आधी मधली सीट पालथी पाडावी लागते, मग एक पाय आत, मग डोकं, मग स्वाभिमान, मग दुसरा पाय. बसल्यावर गुडघे हनुवटीशी येतात, कारण सीट जमिनीलगत आणि पाय ठेवायची जागा त्याहून वर. ही रांग मागच्या चाकांच्या वर किंवा जरा मागेच येते. पुढच्याला खड्डा लागतो तेव्हा धक्का बसतो, मागच्याला तो उडवतो. एसीची हवा येते, पण मधल्या रांगेतल्यांनी वापरून झाल्यावर. आणि बाजूची काच उघडत नाही. नुसती पाहायची. हे वाक्य, वाचकहो, लक्षात ठेवा, पुढे घाट आहे.

"कशी हाय जागा?" दादाने पुढून विचारलं.

"दोन माणसांची आहे," मी म्हणालो. "पण ती माणसं दहा वर्षांची पाहिजेत."

"अरे बाप्पा, मग हायेत ना आपल्याकडं. दोन."

आणखी एक बारकी गोष्ट. तिसरी रांग उभी केली की डिकी संपते. मागे उरते ती जागा एका हातपिशवीची आणि एका शिळ्या वर्तमानपत्राची. सात माणसं बसली तर सामान नाही, सामान घेतलं तर सात माणसं नाहीत. सीएनजीची घ्यावी, तर टाकी येऊन तिथेच बसते, तिला तर पट्टाही लावावा लागत नाही. आमची माणसं तिरुपतीला जाताना जे नेतात ते (सतरंजी, स्टोव्ह, पोह्यांचा डबा, लोणचं, परतताना वाटायला दिलेल्या चार जणांच्या पिशव्या) सगळं टपावर बांधावं लागतं, आणि टपावर तर ती काच आहे.

मग पुतण्याचा पुण्याहून फोन आला: काका, जुनी घ्या. पहिल्या तीन वर्षांत गाडीची किंमत पडते ती पहिल्या मालकाच्या अंगावर पडू द्या. एवढं शहाणं बोलणं आमच्या घराण्यात बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलं की कळतं, महाराष्ट्रातले सगळे डॉक्टर दर दोन वर्षांनी गाडी विकतात. "डॉक्टरची गाडी हाय भाऊ. एकहाती. फक्त शेगावला जायची, गुरुवारी." ज्या गाड्या डॉक्टरच्या नसतात त्या मास्तरीणबाईंच्या असतात. ठेकेदाराची, ऊसतोड मुकादमाची किंवा निवडणुकीत तीन महिने धावलेली गाडी मला अजून कुणी दाखवलेली नाही; त्या बहुतेक थेट स्वर्गात जातात. पासिंगचंही असंच. एमएच २८ म्हटलं की भाव पाडतात, आपले रस्ते आपल्याला माहीत असतात ना! एमएच १२ म्हटलं की चेहरे उजळतात. जणू पुण्यात खड्डे नाहीत. आणि दिल्लीकडची असेल तर पाटी आधीच काढलेली असते. हरित न्यायाधिकरणाने २०१५ ला तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, तेव्हापासून त्या म्हाताऱ्या गाड्या दक्षिणेकडे तीर्थयात्रेला निघाल्यात. स्वस्त असतात, चकाचक असतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी आणायची आणि इथला कर पुन्हा भरायचा, हे गाडी दारात आल्यावर कळतं.

एक गाडी पाहिली. मीटर बासष्ट हजार. आणि ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत. बासष्ट हजारांत पेडल एवढं झिजलं असेल तर तो डॉक्टर सगळे बासष्ट हजार किलोमीटर ब्रेकवर उभा राहून गेला असला पाहिजे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. गाडी २०२१ ची आणि टायरवर २३१७. टायर गाडीच्या चार वर्षं आधी जन्मलेला, म्हणजे मुंजीच्या आधी लग्न! वरून टकला. (शेगाव तालुक्यातल्या गावांनी २०२५ च्या जानेवारीत केसगळतीचं जे भोगलं त्यानंतर आमच्याकडे टक्कल हा शब्द जपून वापरतात, पण टायरला दुसरा शब्द नाही.) असले टायर लावून दादाला 'समृद्धी'वर सिंदखेडराजाला चढायचं आणि मेहकरला उतरायचं होतं, एकशेवीसने. उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर जुन्या टायरचं काय होतं हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, टायर बदलून घेऊ. मी म्हणालो, पेडलही बदल, आणि मग डॉक्टरही.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर सुकलेल्या गाळाची रेघ. गाडी धुता येते, गालिचा बदलता येतो, पट्ट्याच्या टोकाला मात्र पूर लक्षात राहतो. विकणाऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब गणपती विसर्जनाला घेऊन गेले होते."

कागदांचं मी थोडक्यात सांगतो, कारण कागद कोणीच वाचत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेली चलनं ऑनलाइन दिसतात, सौदा होण्याआधी पाहा. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्यायला अर्ज द्यावा लागतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. आमच्याकडे लोक गाडी घेतात, पूजा करतात, लिंबू चिरडतात, आणि नाव चौथ्या वर्षीही त्या डॉक्टरचंच असतं. मग एखाद दिवशी चलन डॉक्टरच्या घरी जातं, आणि कळतं की तो डॉक्टर नव्हताच.

या सगळ्यानंतर मी दादापुढे एक कागद ठेवला. आपण सातही जण एकत्र वर्षाला किती दिवस फिरतो? जास्तीत जास्त नऊ. दोन लग्नं, एक शेगाव, एक देऊळगावराजाचा बालाजी, एक मोठं देवदर्शन, झालं. नऊ दिवस भाड्याची गाडी, दिवसाला पाच हजार धरले तरी पंचेचाळीस हजार. दोन हप्त्यांत वर्ष निघतं आणि वर चार हजार उरतात. बाकी ३५६ दिवस चौघांना पुरेल अशी छोटी गाडी, प्रत्येकाची आपापली.

दादाने कागद वाचला. उलटा करून मागची बाजू पाहिली, तिथे काही चांगलं लिहिलंय का म्हणून.

"लग्नाला भाड्याच्या गाडीतून उतरायचं?"

"का, काय होतं?"

"पिवळ्या पाटीतून? तुह्या सासुरवाडीत?"

इथे चर्चा संपते. हे मी आठ घरांत पाहिलंय. गाडी बसण्यासाठी घेतात असं वाटतं तुम्हाला, ती उतरण्यासाठी असते. मांडवाच्या दारात धूळ उडवत थांबायचं, चारही दारं एकदम उघडायची, आणि एकेक करून माणसं बाहेर काढत राहायची. जेवढी जास्त निघतील तेवढं बरं. तिसऱ्या रांगेतली दोन पोरं शेवटी निघतात, केस विस्कटलेले, चेहरा हिरवा.

बरं, अक्षय तृतीयेपर्यंत थांबू, असं ठरलं. भेंडवळच्या घटमांडणीत पीक कसं सांगतात ते पाहू. ते पाऊस सांगतात, पिकं सांगतात, राजाची गादी सांगतात. हप्ता तेवढा सांगत नाहीत. दादाने तेही विचारून पाहतो म्हटलंय.

तोवर एक चाचणी. दादाच्या मित्राने आपली सात सीटर एका गुरुवारापुरती दिली. शेगाव. जाताना राजूर घाट उतरून मोताळ्याकडून जायचं, म्हणजे येताना चढावर इंजिन कळेल. पहाटे सहाला निघायचं होतं. सहाला सामान भरायला घेतलं. तिसरी रांग उभी, डिकी संपलेली. पिशव्या, पाण्याचा कॅन, पोरांची दप्तरं (परीक्षा होती), सगळं एका सीटवर रचलं. ती सीट कोणती, हे त्या घाईत कोणी पाहिलं नाही. मायसाठी पाटही आणून ठेवला होता, गाडी उंच म्हणून पाय टेकायला. सगळे बसले तेव्हा पाट अंगणातच होता आणि माय नव्हती.

"माय कुठंय?"

शेजारच्या काकू म्हणाल्या, "ती तं केव्हाचीच गेली. स्टँडवर."

आम्ही निघालो. घाटाच्या तिसऱ्या वळणाला मागून आवाज आला, "पप्पा, मळमळतंय." काच उघडत नाही. मधली सीट पाडल्याशिवाय दार नाही. मधल्या सीटवर वहिनी, वहिनींच्या मांडीवर नैवेद्य. पुढचं मी लिहीत नाही. मित्राची गाडी आहे आणि तो हे सदर वाचतो. मोताळ्यात पाऊण तास धुण्यात गेला. नांदुऱ्याला चहा. शेगावात गाडी लावायला जागा शोधता शोधता आणखी अर्धा तास, कारण राज्यातल्या सगळ्या सात सीटर गाड्या त्या दिवशी तिथेच आल्या होत्या, प्रत्येकीत चार-चार माणसं.

माय मंदिराच्या बाहेर सावलीत बसलेली. दर्शन झालेलं, प्रसाद झालेला, हातात कचोऱ्यांचा पुडा. अठ्ठ्याहत्तर वय. पंच्याहत्तरीनंतर एसटीचं तिकीट लागत नाही, २०२२ च्या ऑगस्टपासून; तिचं आधार कार्ड तिच्या कमरेच्या पिशवीत आमच्या आरसीपेक्षा जास्त जपून असतं.

"माय, काऊन आलीस एसटीनं?" दादा जवळजवळ ओरडलाच. "तुह्यासाठीच तं सातवी सीट हाय!"

तिनं पुडा सोडून आधी पोरांकडे पाहिलं, त्यांच्या चेहऱ्याचा रंग पाहिला, आणि पुडा परत बांधला.

"तिथं पिशव्या बसल्या होत्या," ती म्हणाली. "मले खिडकी भेटली. उघडते तिथली."